परिक्रमेची पुस्तके आणि काठावरचे यजमान

आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात नर्मदा परिक्रमेवरील पुस्तकांसाठी आता कपाटाचा एक स्वतंत्र खण ठेवावा लागला आहे. पूर्वी तेथे गो. नी. दांडेकरांची दोन पुस्तके असत आणि वर्षाकाठी एखाददुसरा वाचक ती घरी नेई. आज त्या खणात पुस्तके उभी मावत नाहीत, काही आडवी ठेवावी लागतात. चैत्र जवळ आला की त्यांची मागणी वाढते, कारण ही पुस्तके वाचून वाचक थांबत नाहीत, ते निघतात. मराठीतील फार थोड्या पुस्तकांना असे भाग्य लाभले आहे. वाचकाला घराबाहेर काढणारे पुस्तक म्हणजे समर्थ पुस्तक, असे आम्हीही मानतो. परंतु हा वाचक जेथे जाऊन पोहोचतो तेथील माणसांच्या वाट्याला काय येते, हा प्रश्नही त्या पुस्तकाच्या समीक्षेत यावयास हवा असे आम्हांला अलीकडे वाटू लागले आहे. या लेखाचे कारण तेच.

चलथाण हे आमचे गाव तापी खोऱ्याच्या लोहमार्गावर वसलेले. साखर कारखाना, महामार्गावरच्या मालमोटारी आणि पोटापाण्यासाठी खानदेशातून आलेली मराठी वस्ती ही त्याची ओळख. आमच्या उत्तरेस नर्मदा आहे. परिक्रमावासी जेथून नावेत बसून समुद्रमार्गे पलीकडच्या मिठी तलाईला जातात, ते हांसोट तालुक्यातील विमलेश्वर येथून सकाळी निघून दुपारच्या आत गाठता येते. आमच्यापैकी पुष्कळांचे मूळ नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजूचे. म्हणजे नर्मदा आम्हांला दोन्ही अंगांनी शेजारीण. तिच्यावरील पुस्तके आम्ही दूरच्या तीर्थाविषयी वाचावे तशी वाचू शकत नाही.

‘निसर्गपर्यटन’ आणि ‘जबाबदार पर्यटन’ हे शब्द आपल्याकडे तसे नवे. संयुक्त राष्ट्रसंघाने २००२ हे वर्ष निसर्गपर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून ते सरकारी परिपत्रकांत आणि प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत सर्रास दिसू लागले. पण ज्या परंपरेत प्रवास म्हणजे यात्रा, त्या परंपरेने या विषयाचा विचारच केला नव्हता असे नाही. परिक्रमेचे नियम पाहा. नदी सतत उजव्या हाताला ठेवावयाची. तिचे पात्र ओलांडावयाचे नाही. पैसा जवळ बाळगावयाचा नाही, भिक्षेवर अथवा सदाव्रतात मिळणाऱ्या शिध्यावर राहावयाचे. संग्रह करावयाचा नाही. चातुर्मासात एका ठिकाणी मुक्काम करावयाचा. रूढ संकेताप्रमाणे तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस चालावयाचे. हे नियम ज्यांनी घालून दिले त्यांच्या मनात पर्यावरण नव्हते, वैराग्य होते, हे आम्ही जाणतो. तरीही परिणाम असा होई की तेराशे बारा किलोमीटर लांबीच्या या नदीच्या दोन्ही तटांवरून माणसे जात आणि त्यांच्या मागे विझलेल्या चुलीच्या राखेपलीकडे फारसे काही राहत नसे.

मात्र येथे एक गोष्ट विसरता कामा नये. परिक्रमावासी पैसा बाळगत नसे याचा अर्थ त्याचा प्रवास फुकट होत होता असा नव्हे. त्याचा खर्च काठावरचे लोक सोशीत. पिठाची मूठ, गुळाचा खडा, ओसरीवरची जागा, रात्री शेकावयास लाकूड हे सारे कोणाच्या तरी घरातून येत होते, आणि ती घरे बहुधा गरिबांची होती. चालणारे थोडे होते म्हणून हा व्यवहार दोन्ही बाजूंना पुण्यकारक राहिला. काकासाहेब कालेलकर हे मूळचे साताऱ्याचे. गुजरातीत लिहून ते गांधीजींकडून ‘सवाई गुजराती’ म्हणवले गेले. नद्यांवरील आपल्या पुस्तकाला त्यांनी ‘लोकमाता’ असे नाव दिले. नाव यथार्थच आहे. परंतु आईकडे जेवताना कोणी हिशेब ठेवीत नाही, आणि नर्मदेच्या बाबतीत आमच्या लेखकांचे थोडे तसेच झाले आहे.

आता पुस्तकांकडे वळू. दांडेकर ऐन तारुण्यात, साधकाच्या वृत्तीने परिक्रमेला गेले. ‘नर्मदेच्या तटाकी’ आणि पुढे त्याच अनुभवाच्या आधारावर लिहिलेली कादंबरी ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही मराठीतील परिक्रमा-साहित्याची पायाभूत पुस्तके. त्यांची भाषा पायी चालणाऱ्याची आहे. धापही लागते आणि झाडाखाली विसावतेही. ‘भ्रमणगाथे’चा नायक संसार सोडून निघालेला आहे, पण पुस्तक मिटल्यावर त्याच्या वैराग्यापेक्षा वाटेवर भेटलेली यशोदाच आमच्या मनात घर करून राहते. आम्ही यात लेखकाचा मोठेपणा पाहतो. जो स्वतःला विसरावयास निघाला होता त्याला दुसरे माणूस विसरता आले नाही. दांडेकर तरुणपणी गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले होते, ही गोष्टही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. बाबा गावात येत ते खराटा घेऊन, आधी रस्ता झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. यात्रेकरूची सोय आणि यात्रेच्या गावाची स्वच्छता ही एकाच कामाची दोन अंगे आहेत हे त्यांनी हातात खराटा धरून शिकवले. जबाबदार पर्यटनाची व्याख्या ज्यांना हवी असेल त्यांनी येथूनच आरंभ करावा.

दुसरे लेखक अमृतलाल वेगड. ते जबलपूरचे, घराणे कच्छमधले, शिक्षण शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली. त्यांनी हिंदीत व गुजरातीत लिहिले, आणि ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती पुस्तकाला २००४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठीतही त्यांचे लेखन अनुवादरूपाने आले असल्यामुळे आमच्या खणात ते आहे. वेगडांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ साली, चालावयास आरंभ केला आणि परिक्रमा सलग न करता टप्प्याटप्प्याने केली. नोकरी आणि संसार सांभाळून, सवड मिळेल तेव्हा, गेल्या वेळी जेथे थांबलो तेथून पुढे. कर्मठांना हे रुचणार नाही. आम्हांला मात्र या पद्धतीत एक मोठी नम्रता दिसते. नदी संपवून टाकण्याची घाई तिच्यात नाही. चित्रकार असल्यामुळे वेगड काठावरून जे घेऊन येत ते रेखाटनाच्या वहीत मावे. त्यांच्या पुस्तकांत नदीइतकीच माणसेही दिसतात, आणि ती देखाव्याचा भाग म्हणून येत नाहीत.

त्यांच्या पहिल्या प्रवासांचे महत्त्व आज आणखी एका कारणाने वाढले आहे. सरदार सरोवराचा पाया १९६१ साली घातला गेला आणि १३८.६८ मीटर उंचीचे पूर्ण झालेले धरण २०१७ साली राष्ट्रार्पण झाले. दरम्यान जुन्या परिक्रमामार्गाचा मोठा भाग जलाशयाखाली गेला. शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही गेले. आम्ही आयुष्यभर गुजरात राज्याच्या सेवेत महसुलाचे काम केले, म्हणून आमच्या भाषेत सांगतो: वेगडांची पुस्तके ही त्या बुडालेल्या काठाचा पंचनामा आहेत. पंचनाम्यात असते तशी स्थळाची बारकाईची नोंद त्यांत आहे, आणि पंचनाम्यात कधीच नसते ते प्रेमही आहे.

तिसरे जगन्नाथ कुंटे. ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकाने परिक्रमा हा शब्द मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचवला. कुंटे यांनी एकाहून अधिक वेळा परिक्रमा पायी केली. त्यांची भाषा रोखठोक, कोणाची भीड न ठेवणारी. वाचक पहिल्या काही पानांतच त्यांच्या मागोमाग चालू लागतो. या पुस्तकातील साक्षात्काराचे आणि चमत्काराचे प्रसंग खरे की कसे, हा वाद आम्ही येथे उपस्थित करीत नाही. श्रद्धेचा तो प्रांत आहे आणि समीक्षकाने तेथे पादत्राणे बाहेर काढावीत. आमचा मुद्दा निराळा आहे, आणि तो कुंटे यांच्यापेक्षा त्यांच्या मागून आलेल्या अनेक पुस्तकांना अधिक लागू होतो.

या पुस्तकांत एक प्रसंग पुनःपुन्हा येतो. परिक्रमावासी दमला आहे, भुकेने व्याकूळ आहे, दूरवर वस्ती नाही. इतक्यात कोणी म्हातारी अथवा कोणी मुलगा येतो, हातावर भाकरी ठेवतो आणि निघून जातो. लेखकाचे डोळे भरून येतात आणि तो लिहितो की मैयानेच दिले. भक्ताच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे. परंतु या एका वाक्याने ती म्हातारी पुस्तकातून पुसली जाते. तिचे नाव काय, घर कोणते, ती भाकरी कोणाच्या वाटणीची होती, त्या घरी त्या रात्री किती जण जेवले, हे विचारण्याची गरजच उरत नाही. देणारी मैया ठरली की म्हातारी केवळ निमित्त होते, आणि निमित्ताचे देणे लागत नाही. प्रवासवर्णनाच्या समीक्षेत आपण भाषा पाहतो, निरीक्षण पाहतो, लेखकाचे व्यक्तिमत्त्व पाहतो. यजमान पुस्तकात माणूस म्हणून उरला आहे की नाही, हेही पाहावे असे आमचे म्हणणे आहे.

शूलपाणीच्या झाडीचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. या अरण्यात भिल्ल परिक्रमावासीयांना लुटतात, कांबळे आणि भांडीसुद्धा काढून घेतात, अशी वर्णने जुन्या-नव्या पुस्तकांत येतात. परंपरेने त्यांना ‘मामा’ म्हटले आहे, आणि ही लूटही मैयाच्याच इच्छेने होते, साधकाची उरलीसुरली आसक्ती जाते, असा अर्थ लावला आहे. अर्थ सुंदर आहे. पण वाचकाच्या पदरात काय पडते? भिल्ल एक तर लुटारू म्हणून येतो, नाही तर ईश्वरी योजनेचे हत्यार म्हणून. ज्याच्या अंगणातून ही वाट जाते तो रहिवासी म्हणून तो क्वचितच येतो. नर्मदा महाराष्ट्राच्या सीमेवरून सुमारे चौपन्न किलोमीटर वाहते, आणि त्या तेवढ्या काठावरची नंदुरबार जिल्ह्यातील तेहतीस गावे धरणाने बाधित झाली. मणिबेली हे त्यांतले नाव आमच्या पिढीने वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे वाचले. ज्याच्याकडून कांबळे गेले त्याने त्याची कथा लिहिली. ज्यांची गावे गेली त्यांच्यासाठी या खणातल्या किती पुस्तकांत एक परिच्छेद आहे, हे वाचकांनी स्वतः पाहावे.

म्हणून चौथ्या पुस्तकाचे मोल आम्हांला विशेष वाटते. नाशिकच्या भारती ठाकूर यांनी २००५-०६ मध्ये पायी परिक्रमा केली आणि ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ हे पुस्तक लिहिले. वाटेत त्यांनी काठावरच्या मुलांच्या शिक्षणाची अवस्था पाहिली. पुढे नोकरी सोडून त्या मध्य प्रदेशात निमाडमधील लेपा येथे राहावयास गेल्या आणि ‘नर्मदालय’ उभे राहिले. लेखकाच्या पुढील कार्यावरून पुस्तकाची इयत्ता ठरवू नये, हे समीक्षेचे पथ्य आम्हांला ठाऊक आहे, आणि प्रत्येक वाचकाने काठावर जाऊन शाळा काढावी असेही आमचे म्हणणे नाही. परंतु या पुस्तकाचे नाव अंतर्यात्रा असूनही त्यातील दृष्टी बाहेर जाते, समोरच्या मुलावर थांबते, हा गुण पुस्तकाचा आहे. घेतलेल्या भाकरीचे ऋण मानले गेले की काय होते, याचे ते उदाहरण आहे.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी हाती घेतली ती. परिक्रमेचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. बसने, मोटारीने अडीच-तीन आठवड्यांत परिक्रमा पूर्ण करून देणाऱ्या सहली निघतात. चैत्रात आमच्याच राज्यात, नर्मदा जिल्ह्यातील रामपुरा-तिलकवाडा भागात, नदी उत्तरवाहिनी होते तेथील एका दिवसाच्या छोट्या परिक्रमेला अपार गर्दी लोटते, आणि तिच्यात मराठी कानावर पडल्यावाचून राहत नाही. या गर्दीला नाक मुरडण्याचा आम्हांला अधिकार नाही. आम्ही तिच्यात होतो.

काही वर्षांपूर्वी मंडळातील अडतीस जण बस करून परिक्रमेला गेलो होतो. सोळा दिवस. बरोबर आचारी, गॅसच्या टाक्या, पोहे, साबुदाणा, लोणच्याच्या बरण्या. परमुलखात घरच्यासारखे जेवण मिळाले याचा मराठी प्रवाशाला कोण अभिमान! त्या अभिमानापायी आम्ही काठावरच्या कोणाच्याही घरचा घास घेतला नाही, आणि काठावरच्या दुकानदारालाही फारसे काही मिळू दिले नाही. मागे ठेवले ते मात्र भरपूर. पाण्याच्या बाटल्या प्रत्येकी दिवसाला तीन धरल्या तरी अडतीस माणसांच्या सोळा दिवसांच्या अठराशे चोवीस होतात. शिवाय थर्मोकोलच्या पत्रावळी आणि द्रोण, प्लास्टिकचे पेले, काठावर सोडलेली निर्माल्याची पिशवी. नदीत दिवे सोडले तेव्हा द्रोण पानांचे होते, एवढेच काय ते आमच्या बाजूचे.

एका मुक्कामी आश्रमाची व्यवस्था एक वृद्ध बाई पाहत होत्या. आम्ही संध्याकाळी पोहोचलो, प्रवासाने अंग चिकट झाले होते, सर्वांनी अंघोळी केल्या, काहींनी कपडेही धुतले. रात्री टाकी रिकामी झाली. पहाटे पाच वाजता आम्ही उठलो तेव्हा त्या बाई घाटाच्या पायऱ्या चढून येत होत्या, डोक्यावर एक हंडा आणि कमरेवर दुसरा. ही त्यांची कितवी खेप होती ते आम्ही विचारले नाही. आमच्यापैकी एकाने चहाला उशीर का झाला, एवढे मात्र विचारले. त्या हसल्या आणि ‘नर्मदे हर’ म्हणाल्या. आम्ही देणगीपेटीत शंभराची नोट टाकली, पावती घेतली आणि बसमध्ये बसलो.

परतल्यावर आम्ही याच पत्रकात त्या यात्रेवर चार पानांचा लेख लिहिला. वाचकांनी कौतुकाची पत्रेही धाडली. तो लेख गेल्या महिन्यात पुन्हा काढून वाचला. त्यात त्या मुक्कामाचा सूर्योदय आहे, पाण्यावर उतरलेला सोनेरी प्रकाश आहे, घंटानाद आहे, आणि ‘मैयाच्या कृपेने कोठेही पाण्याची अडचण पडली नाही’ असे एक वाक्य आहे. इतर लेखकांविषयी वर जे लिहिले ते या वाक्यामुळे लिहावे लागले. हंडा घेऊन पायऱ्या चढणारी बाई आम्ही डोळ्यांनी पाहिली होती, तरी लेखणीने ती पुसली. सरकारी नोकरीत असताना प्रत्येक दौऱ्याची दैनंदिनी लिहीत होतो, प्रवासभत्त्याच्या बिलात चहाचाही हिशेब बसवीत होतो. साहित्य लिहावयास बसलो तेव्हा तेवढी सवयही उपयोगी पडली नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. प्रवासवर्णन म्हणजे जमाखर्चाची वही नव्हे. कचरा, पाणी आणि शौचालये यांची चर्चा नगरपालिकेने करावी, साहित्याने कशाला? आमचे उत्तर असे की साहित्य जे वगळते ते वाचकाच्या अपेक्षेतूनही गळते. ज्याने पंचवीस परिक्रमा-पुस्तके वाचली आणि त्यांत पाणी नेहमी ‘मिळालेच’, तो वाचक आश्रमात नळ सोडून निर्धास्त उभा राहतो. उलट जेथे यजमान स्वतः अटी सांगतो तेथे प्रवासी सुधारतो, याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम केले. पुढे कासवे पाहावयास येणाऱ्यांची सोय गावकऱ्यांनी आपल्या घरांतच केली. पाहुण्याने घरात रांधलेले खावयाचे, गावाच्या वेळेप्रमाणे वागावयाचे, पिल्ले समुद्रात जाताना दुरून पाहावयाची. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या प्रवाशांची संख्या ठरवून द्यावी लागली. माथेरानला मोटारी वेशीबाहेर थांबतात म्हणून तेथे जाणाऱ्याचा आनंद कमी झाल्याचे आम्ही ऐकले नाही. परिक्रमेलाही जुने नियम होतेच. वाहने आली, नियम मागे पडले, आणि नव्या नियमांची आठवण करून देण्याचे काम ज्या पुस्तकांनी माणसे काठावर नेली त्यांच्याकडेच येते.

तेव्हा परिक्रमेचे कोणतेही पुस्तक वाचताना आम्ही आता पेन्सिल हाती धरतो आणि समासात दोन खुणा करतो: कोणी दिले, आणि मागे काय राहिले. दांडेकरांच्या आणि वेगडांच्या पुस्तकांत पहिली खूण वारंवार करता येते. ठाकूरांच्या पुस्तकात ती जवळजवळ विषयच होऊन बसते. अलीकडच्या पुष्कळ पुस्तकांत पानेच्या पाने समास कोरा राहतो, आणि आमच्या लेखात तो चारही पाने कोरा आहे.

यंदा मंडळात पुन्हा परिक्रमेच्या सहलीचा विषय निघाला आहे. आमची विनंती एवढीच आहे की जावयाचे तर दहा-बारा जणांनी, उत्तरवाहिनीची गर्दी टाळून, एखादाच टप्पा पायी चालावा. मुक्कामाच्या ठिकाणी आधी कळवून विचारावे की किती माणसांचे पाणी आहे. आचारी नेऊ नये. काठावरचे जेवावे आणि त्याचे योग्य मोल द्यावे. कचरा परत आणावा. आणि जो कोणी लेख लिहील त्याने यजमानांची परवानगी घेऊन त्यांची नावे लिहावीत.

संपादकांना आणखी एक विनंती आहे. आमच्या त्या जुन्या लेखास या अंकात पुढील शुद्धिपत्र जोडावे. ‘मैयाच्या कृपेने कोठेही पाण्याची अडचण पडली नाही’ या वाक्याऐवजी असे वाचावे: ‘अडतीस जणांनी टाकी रिकामी केली. पहाटे एका वृद्ध बाईंनी नदीवरून पाणी वाहून आणले. त्यांचे नाव आम्ही विचारले नाही.’